झांकीच्या पोटात कॉम्प्युटर

आमच्या मिलची झांकी बाबांनी आयुष्यात कधी समोरून पाहिलेली नव्हती. इंदूरमध्ये वाढलेल्या माणसाबद्दल असं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे ट्रॉलीवरचे हलते देखावे, निघतात तेव्हा अख्खं शहर रस्त्यावर असतं, आणि मिलमध्ये आयुष्य काढलेला माणूस म्हणतो की मी आपली झांकी बघितली नाही! पण त्याला कारण होतं. बाबा दरवर्षी झांकीच्या आत बसायचे.

इतर मिलवाले पुतळे हलवायला मोटारी लावायचे. आमच्या मिलच्या झांकीचा मान होता तो दोऱ्यांचा. ट्रॉलीवरच्या देखाव्यामागे, कापडाच्या आड, कामगार दाटीवाटीने बसायचे आणि देवांचे हात, राक्षसांचे जबडे, गरुडाचे पंख दोऱ्यांनी हलवायचे. बाबा कापड विणायच्या खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते, पण झांकीत ते सोंडवाले. देखावा कोणताही असो, त्यात हत्ती असायचाच, आणि त्याची सोंड बाबांच्या हातात. दोरी सोडली की सोंड पडणार, मग समोर जाऊन बघणार कधी? उभी झांकी त्यांनी पाहिली होती, चालती कधीच नाही. पहाटे घरी आले की आंघोळीच्या आधी विचारायचे, "कशी दिसली?" मग आई आणि मी सांगायचो. लहान असताना मी हाताची सोंड करून दाखवायची. ते इतकं लक्ष देऊन ऐकायचे की मला मोठं झाल्यासारखं वाटायचं.

मग मिल बंद पडली. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत भोंग्याची जागा कोणीच घेतली नाही. ज्यांच्या ड्यूट्या भोंग्यावर बदलायच्या ते लोक पांगले, कोणी टेम्पो चालवू लागलं, कोणी पीथमपूरला नव्या कारखान्यांच्या गेटवर उभं राहिलं, कोणी गावी गेलं. पण झांकी निघत राहिली. मिल बंद, झांकी चालू, हा प्रकार फक्त आमच्याच शहराला सुचू शकतो आणि मला त्याचा अजून अभिमान वाटतो. चंदा गोळा व्हायचा, रंगवणारे रंगवायचे. फक्त दोऱ्या ओढायला हात उरले नव्हते. आदल्या वर्षी अर्धे पुतळे नुसते उभे होते आणि लोक न थांबता पुढच्या झांकीकडे वळले होते. त्या वर्षी बाबांनी कमिटीच्या बैठकीत सांगून टाकलं, "हलली तर काढू. नाही हलली तर यंदापासून बंद. मुर्दा काय फिरवायचा?"

मी तेव्हा युनिव्हर्सिटीत एमसीएच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या आधीच्या मुलांनी लायब्ररीची नाहीतर पगाराची सिस्टिम करून प्रोजेक्ट उरकले होते. आमच्या वेळी नवं वारं आलं होतं. कंपन्या येत होत्या, आणि सरांनी जाहीर केलं की यंदा प्रोजेक्ट कंपनीचा, गटाने करायचा आणि कंपनी पास म्हणेल तेव्हाच पास. आम्हा चौघांना पीथमपूरची पॅकिंग मशीन बनवणारी कंपनी मिळाली. गटात खजराण्याचा एक वायरिंगबहाद्दर होता, देवासहून बसने येणारी एक मैत्रीण होती जिचं डोकं आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं होतं, आणि पलासियाचा एक डॉक्टरपुत्र होता. त्याच्या घरी स्वतःचा कॉम्प्युटर होता. त्याला गटात घेण्याचं खरं कारण तेच.

कंपनीचं काम ऐकायला सोपं होतं. मशीनच्या छोट्या मोटारी कॉम्प्युटरने ठरलेल्या क्रमाने चालवायच्या. कोणाचा हात आत गेला तर सगळं त्या क्षणी थांबलं पाहिजे. त्यासाठी पुढच्या बाजूला फोटोसेल, म्हणजे न दिसणाऱ्या उजेडाचा एक पट्टा, तो तुटला की बंद. आणि हात निघाला की मशीन पुन्हा पहिल्यापासून नव्हे, जिथे थांबलं तिथूनच सुरू झालं पाहिजे. या शेवटच्या वाक्याने आमचा जीव खाल्ला. आमचा प्रोग्राम थांबायचा मोठ्या थाटात, पण उठायचा भलतीकडेच. कंपनीत पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्याने रिकाम्या पुड्या बंद केल्या आणि भरलेल्या तशाच सोडल्या. तिथले साहेब वर्षभरापूर्वी पुण्याहून आलेले. शांतपणे म्हणाले, "आपण मंडळींनी फार कष्ट घेतलेत, हे दिसतंय." हे ऐकून मला रडू आलं असतं, पण आधी राग आला.

मैत्रिणीने ती चूक शोधली, आम्ही दुरुस्त केली. पण आता मशीनवर दुसऱ्यांदा तपासायला वेळ नव्हता, कंपनीच्या सगळ्या मशीन ऑर्डरमध्ये अडकल्या होत्या. आणि त्याच आठवड्यात बाबा घरी मुर्द्याची भाषा करत होते. पोहे खाता खाता माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

साहेबांना मी सांगितलं, "सर, तुमचं मशीन धूळ, झटके आणि खराब लाइटमध्ये चालणार ना? मग आमच्याकडे त्याहून वाईट काहीतरी आहे."

ते हसले. मग खरंच तपासायला आले, जनरेटर पाहिला, ट्रॉलीची चाकं पाहिली आणि मोटारी देऊ केल्या. "मिरवणुकीत हे व्यवस्थित चाललं तर माझी सही. पण एक अट. फोटोसेल काढायचा नाही. कोणाचं बोट चिरडलं तर तुमच्या गणपतीला काय उत्तर देऊ?"

घरी बाबांना सांगितलं तेव्हा मात्र ते हसले नाहीत. "मिल गेली, आता दोरी पण मशीनला देऊन टाक. पूरा हिसाब बराबर."

"बाबा, तुमचे दोरीवाले आहेत कुठे?"

हे मी जरा जोरातच बोलले. आईने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. बाबा उठून बाहेर गेले, आणि परत आले तेव्हा म्हणाले, "माझी दोरी बांधलेली राहील. भरोसा नाय तुझ्या डब्ब्याचा."

त्या वर्षीचा देखावा गजेंद्रमोक्ष. मगरीने हत्तीचा पाय धरलाय, हत्ती सोंडेत कमळ घेऊन वर करतो, मग गरुडावरून विष्णू उतरतो आणि चक्र फिरतं. गणेश मंदिरामागच्या मैदानात नुसत्या लोखंडी सांगाड्यावर आम्ही मोटारी बसवल्या. पहिल्या दिवशी सोंडेच्या जागचा पाइप पॅकिंगच्या वेगाने असा वरखाली झाला की बाबा ओरडले, "अरे भिया, हत्ती आहे का शिलाई मशीन?" दुसऱ्या दिवसापासून सगळी जुनी मिलवाली मंडळी बघायला येऊन बसू लागली आणि प्रत्येकजण सल्ला देऊ लागला. मगर फार हसरी वाटते, चक्र उलटं फिरतं, विष्णू दारू पिऊन उतरल्यासारखा डुलतो. आमचा वायरिंगबहाद्दर आधी वैतागायचा, मग त्यांच्याशीच पत्ते खेळायला बसायचा. मला वाटतं, मिल बंद झाल्यापासून त्या लोकांना पहिल्यांदाच कुठेतरी वेळेवर जायचं होतं. मी इतकी खूश फार कमी वेळा होते. प्रोजेक्ट हा शब्द त्या दिवसांत मला आवडू लागला.

फोटोसेल आम्ही ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंच्या काठांवर बसवला. सांगाड्यासमोर कितीदा तपासला. हात घातला की थांबे, काढला की जिथल्या तिथून चालू. चौघांनी एकमेकांची पाठ थोपटली. पुतळे, कापड, रंग हे सगळं शेवटच्या दुपारी चढलं. आई सकाळीच खजराण्याच्या गणपतीला जाऊन आली होती आणि कॉम्प्युटरला तिने हळदीकुंकू लावलं, कीबोर्ड वाचवताना माझी धांदल उडाली.

दिवस मावळता मावळता आमचा नंबर लागला. जनरेटर धडधडला, बल्ब लागले. आत, विष्णूच्या मागे, मी मांडीवर कीबोर्ड घेऊन बसले. माझ्या शेजारी बाबा, हातात त्यांची दोरी. साहेब बाहेर ट्रॉलीबरोबर चालत होते, पँटच्या घड्या सांभाळत. ट्रॉली हलली, सोंड वर गेली आणि बाहेर गर्दीने असा जल्लोष केला की माझ्या अंगावर काटा आला.

आणि सगळं थांबलं.

स्क्रीनवर आमचाच मेसेज होता की हात आत आला आहे. मी घाबरून बघतेय तोवर हात निघाला, सोंड पुढे चालू झाली. पुन्हा थांबली. पुन्हा चालू. पुन्हा थांबली. विष्णू हवेत लटकला, मगर तोंड उघडून बसली. मी कापडाच्या फटीतून बाहेर पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

लोक पाया पडत होते. रस्त्याच्या दोन्ही कडांची माणसं पुढे येऊन ट्रॉलीच्या काठाला हात लावत होती आणि तो हात कपाळाला लावत होती. कडेवरच्या पोरांचे हातसुद्धा धरून टेकवत होती. इंदूरमध्ये झांकी समोरून जाते तेव्हा माणूस दुसरं करतो तरी काय? आम्ही इंदूरचे तिघंही जन्मापासून हेच करत आलो होतो. इतकं सवयीचं, की फोटोसेल बसवताना एकालाही आठवलं नाही. पुण्याच्या साहेबांना माहीत नसणं मी समजू शकते. आम्हाला मात्र कोणीतरी धरून बडवायला हवं होतं.

"साहेबांना विचार, फोटोसेल बंद करू का?" मी ओरडले. बाहेर चालणाऱ्या मैत्रिणीने विचारून निरोप आणला, अजिबात नाही.

"बाबा, बाहेर जा ना! लोकांना सांगा हात लावू नका. नाहीतर राजवाड्यापर्यंत हिचा मुर्दाच होणार!"

बाबांनी दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग दोरी माझ्या हातात दिली आणि खाली उतरले.

मी वाट बघत राहिले. थांबणं काही कमी होईना, उलट वाढलं. जेलरोडला लागेपर्यंत तर दर दोन पावलांना थांबत होतं. मी आत बसून बाबांवर चरफडत होते. एवढं साधं काम सांगितलं, तेही होत नाही! आणि मग मला बाहेरचा गोंगाट नीट ऐकू आला. लोक वैतागलेले नव्हते. सोंड वर थांबली की टाळ्या पडत होत्या.

वायरिंगबहाद्दराने कापडातून डोकं आत घातलं. गुलालाने लाल झालेला, हसून हसून बेजार. "बाहर तो शोर मच गया यार! सब बोल रहे हैं, जो हाथ लगाए उसके लिए हाथी रुकता है। लाइन लग गई है!"

"आणि बाबा कुठे आहेत? त्यांना थांबवायला पाठवलं होतं ना मी?"

"तेरे पापा?" तो आणखी हसला. "वो तो खुद लाइन में हैं."

मी फट मोठी केली. बाबा समोर होते. आई त्यांच्या शेजारी होती. आधी ते नुसते उभे राहून, मान वर करून बघत होते. ट्रॉली जवळ आली तसे पुढे झाले, वाकले आणि काठाला हात लावला. माझ्या स्क्रीनवर मेसेज आला. इतकी वर्षं ज्यांनी ती सोंड उचलली त्यांच्यासाठी ती हवेत थांबली, कमळासकट. बाबांनी हात लगेच काढला नाही. मला रडू फुटलं आणि मी ते थांबवायचा प्रयत्नही केला नाही, आत बघणारं होतंच कोण? त्यांनी हात काढला तेव्हा सोंड जिथे होती तिथूनच खाली आली.

राजवाड्याजवळ पुढच्या झांकीमुळे आमची ट्रॉली अडकून उभी राहिली. साहेब मागून आले. त्यांच्या शर्टाचा रंग कोणता होता हे आता सांगता आलं नसतं. "आमच्या मशीनमध्ये वर्षभरात इतके हात जाणार नाहीत," ते म्हणाले, "आणि एकदाही चुकीच्या जागेवरून उठलं नाही. सही देतो. पण आधी मला कोणीतरी पाणी द्या, भिया." त्यांच्या पुणेरी तोंडून आमचं इंदुरी भिया ऐकून आम्ही चौघांनी आरोळी ठोकली.

मग बाबा आले. मागच्या कापडातून आत शिरले. त्यांच्यामागून आईही वाकून आली, पदर सावरत. मी भांडायच्या पूर्ण तयारीत होते. लोकांना का नाही थांबवलं, दोरी माझ्या गळ्यात टाकून कुठे गेलात, सगळं जिभेवर होतं. पण तोंडातून भलतंच निघालं.

"कशी दिसली?"

बाबा माझ्या शेजारी टेकले. मग म्हणाले, "सोंड वर जाते ना, तेव्हा समोरची सगळी पोरं पण मान वर करतात. तुला माहीत आहे?"

मला माहीत होतं. त्या पोरांमध्ये मी वर्षानुवर्षं उभी होते. मी नाही म्हणून मान हलवली.

मग ते सांगतच सुटले. हत्तीचे डोळे ओले वाटतात बल्बमध्ये. कमळ आधी लहान दिसतं, मग एकदम मोठं. विष्णू येतो तेव्हा हत्तीची सावली त्याच्या पायावर पडते. हाताची सोंड करून त्यांनी मला सगळं दाखवलं. आईने ही झांकी लग्नापासून दरवर्षी पाहिलेली. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. गुडघ्यांना मिठी घालून बसली होती आणि बाबा दम घ्यायला थांबले की म्हणत होती, "बरं, मग?"