मातीच्या रंगाचे चेहरे

"गया नै, सोया है," असं म्हणत फोटोवाले चाचा ओला कागद दोन बोटांनी उचलून गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायचे. कागद जवळजवळ कोरा असायचा. थोड्या वेळापूर्वी त्यावर गिऱ्हाइकाचा चेहरा, फेटा, मिशी सगळं होतं. आता नुसता पिवळट डाग. गिऱ्हाईक घाबरायचं. मग ते कागद दुसऱ्या तबकात सरकवायचे, कुजक्या अंड्यासारखा भपकारा सुटायचा आणि त्या वासातून माणूस परत यायचा. गेला तो काळा-पांढरा, आला तो उबदार तपकिरी.

शहागंजमागच्या बोळात त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याला लागून माझं चौकटी करायचं दुकान. निजामाचं राज्य होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. मला ते मिस्त्री म्हणत. पलीकडचा पेढेवाला त्या वासावरून रोज भांडायचा. "चाचा, गिऱ्हाइकाला वाटतं माझा खवा नासला!" चाचा शांतपणे सांगायचे, "बोल दे, फोटोवाला नासला."

काळ्या फोटोचा त्यांना राग होता. "राख आहे ही. जिंदा माणूस राखेचा असतो का? अल्लानं मातीचा केलाय." एका वकिलांना तपकिरी फोटो जागच्या जागी हवा होता. चाचांनी वैतागून तो चहाच्या पाण्यात बुडवून दिला. वकील तपकिरी झाले, पण त्यांची कॉलर आणि मागची भिंतही झाली. "चहा सगळ्याला लागतो," चाचा मला म्हणाले, "आपलं औषध जिथं काळं आहे तिथंच धरतं." अजिंठ्याहून, देवगाव रंगारीहून नवी जोडपी यायची. चाचा आधी गाव विचारायचे. "देवगाव? काळी जमीन. तुला जरा गडद ठेवतो."

तेव्हा फोटो आधी काचेवर उतरायचा आणि काचेवरून कागदावर. जुन्या काचा चाचा कढत पाण्याच्या पातेल्यात टाकायचे. वरचा थर सुटून निघायचा आणि स्वच्छ काच मला चौकटीसाठी मिळायची. ते पातेलं अंधाऱ्या खोलीत कायम स्टोव्हवर असायचं.

ते राज्याचं शेवटचं वर्ष असेल. बाजार दिवेलागणीच्या आतच मिटायचा. कोण कुणाशी बोलतंय हे लोक बघून ठेवायचे. कॉलेजातली पोरं निजामाविरुद्ध लढायला गुपचूप सरहद्द ओलांडून पलीकडच्या छावण्यांत जायची. अशात कन्नडकडची एक धनगराची बाई शहरात शिकणाऱ्या मुलाला घेऊन चाचांकडं आली. "ह्याचा येक फोटू काढा," ती म्हणाली. "ह्यो जातोय." कुठं ते तिनं सांगितलं नाही, चाचांनी विचारलं नाही. मुलगा फोटो काढून तसाच निघून गेला. आई दुसऱ्या दिवशी फोटो न्यायला येणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चौकटीचं माप घ्यायला आत गेलो, तेव्हा फोटो नुकताच कागदावर उतरला होता. तेवढ्यात बाहेर बूट वाजले. चाचांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. जमादार होता आणि दोन शिपाई. चाचांनी काच कढत पाण्यात सोडली आणि फोटो पहिल्या तबकात, रंग उडवणाऱ्या औषधात. जमादार बाहेर खुर्च्या उलथ्यापालथ्या करत होता, तोवर चेहरा विरत गेला.

"धनगर का लौंडा आया था," जमादार आत शिरत म्हणाला. "उसकी तसबीर निकालो. सरहद के नाकों पे भेजनी है."

"आया था सरकार. पण फोटो बिघडला. हे बघा."

जमादारानं तबकातला कागद उचलला. चेहरा पुरता गेलेला नव्हता. फिकट पिवळा उरला होता. पण खोलीत लाल दिवा होता आणि लाल उजेडात पिवळं दिसत नाही. उन्हात मात्र ते डोळे कुणालाही दिसले असते. जमादार कागद घेऊन पडद्याकडं वळला.

"सरकार, हात धो लो," चाचा अगदी मायेनं म्हणाले. "जहर है वो."

जमादारानं कागद फेकला. बाहेर जाऊन हात खसाखसा धुतले, आणि परत येऊन त्याच ओल्या हातानं चाचांच्या थोबाडीत दिली. चष्मा कोपऱ्यात जाऊन पडला. "अपने आदमी होके ये काम?" शिपायांनी काचांची खोकी उपसली. हाती काही लागलं नाही. एका शिपायाला ओट्यावर बसवून जमादार निघून गेला.

आता खरी पंचाईत होती. काच गेली होती. मुलगा होता तो त्या एका कागदावर, आणि तोही पुसलेला. त्याला परत आणायचं तर दुसरं औषध हवं, आणि ती बाटली उघडली की वास सगळ्या बोळात. चाचांनी कागद पाण्यात ठेवला, वर काळं फडकं टाकलं आणि बसून राहिले.

मी माझ्या दुकानात आलो, तर समोरून ती आई येत होती. खांद्यावर घोंगडी. "भाऊ, फोटू..." तिनं तोंड उघडलंच होतं. मी ओरडलो, "मावशी, खंडोबाची तसबीर तयार आहे, इकडं या!"

तिनं शिपायाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "व्हय," ती म्हणाली, "तीच न्यायला आले." आणि माझ्या दुकानात येऊन भिंतीला टेकली.

शिपाई नमाजाला उठला तसं मी तिला आत नेलं. चाचांनी फडकं उचललं. ती किंचाळायचीच राहिली. "ह्ये काय? माझं लेकरू कुठंय?"

"गया नै माय, सोया है," चाचा म्हणाले. पण बाटलीच्या तळाशी थोडंच औषध उरलं होतं, तेही जुनं. त्यांनी ते ओतलं, कागद आत सरकवला. काहीच झालं नाही. चाचा तबक हलवत राहिले. त्यांचे ओठही हलत होते. मग केसांची एक रेघ आली. मग भुवया. मग डोळे. जमादाराचा तेलकट अंगठा जिथं लागला होता तिथं, खांद्यावर, फिकट डाग राहिला. बाकी पोरगा सगळा आला.

"असाच हाय माझा," ती म्हणाली. "मातीवानी." ओला फोटो घोंगडीखाली पोटाशी धरून ती मागच्या दारानं गेली.

पुढं राज्य गेलं, फौजा आल्या. तो मुलगा सुखरूप घरी परतला. पण बोळातली भीती गेली नाही, तिनं फक्त बाजू बदलली. जमादार फरार झाला होता. त्याचा वर्दीतला फोटो कधीकाळी चाचांनीच काढला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काठ्या घेतलेली माणसं स्टुडिओत आली. "त्या जमादाराचा फोटो दे. गावोगाव दाखवायचाय."

चाचा त्यांना बसा म्हणाले आणि आत गेले. काच पातेल्यात पडल्याचा आवाज मला भिंतीतून ऐकू आला. बाहेर येऊन ते म्हणाले, "नाय राहिला."

त्या माणसांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. कॅमेरा, काचा, तबकं, दिवे, सगळ्यावर काठ्या पडल्या. पेढेवाला आणि मी मधे पडलो म्हणून चाचांचं डोकं वाचलं. त्यांच्या हाताला पट्टी बांधताना मी चिडलो होतो. "त्यानं तुम्हाला मारलं होतं, चाचा! त्याच्यासाठी?"

"मिस्त्री, तू चौकटी कायकू करतो?" त्यांनी विचारलं. "भिंतीला लावायला ना? मग फोटो माणूस पकडायला कसा द्यायचा?"

थोड्याच दिवसांत त्यांची मुलगी त्यांना जालन्याला न्यायला आली. मी सामान टांग्यात चढवलं. चाचा पुढं बसले, मोठं खोकं मांडीवर घेऊन, दोन्ही हात त्याच्याभोवती.

"हळू हाक रे बाबा," ते टांगेवाल्याला म्हणाले. "आत काच आहे."

ते खोकं मीच भरलं होतं. त्यात एकही काच शाबूत नव्हती. टांगेवाल्याला ते माहीत नव्हतं. बोळ संपेपर्यंत तो घोडं पावलापावलानं नेत राहिला.