चारही किल्ल्या

"जुनं लोखंडी सामान. पार्सलच्या फॉर्मवर हे तुम्हीच लिहिलंत ना? अक्षर तुमचंच आहे."

"अक्षर माझं आहे, मी कुठे नाही म्हणतोय," नवरा म्हणाला. "काउंटरवरची बाई म्हणाली, किंमत जास्त लिहिलीत तर विम्याचे पैसेही जास्त पडतील. मागे दहा माणसं खोळंबलेली. दिलं लिहून."

"माझ्या वडिलांचं कुलूप, आणि दिलं लिहून."

चहाबरोबर सुरू झालेलं हे भांडण चहावर साय धरली तरी संपलं नव्हतं. कपांच्या मधे विमा कंपनीचा कागद पडला होता. पार्सल हरवून तीन महिने झाले होते, आणि कंपनीने उदार होऊन तीन किलो दोनशे ग्रॅम लोखंडाची भरपाई मंजूर केली होती. भंगाराच्या भावाने. शुक्रवारपर्यंत सही करायची. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: भरपाई घेतल्यावर वस्तूचे उरलेले भाग कंपनीकडे जमा करावेत, आणि वस्तू पुढे सापडल्यास ती कंपनीची.

"उरलेले भाग म्हणजे किल्ली," सून हळूच म्हणाली.

"कळतंय मला."

आळीत सासूला सगळे किल्लीमावशी म्हणत. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. एक शटर, एक लांब बाक, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या हजारभर कोऱ्या किल्ल्या. वडील कुलपं घडवायचे. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून आठव्या वर्षी हिच्या हातात कानस आली. पुढे कुलपं घडवण्याचे दिवस गेले, आणि लोकांची अडकलेली दारं उघडून देण्याचे आले. ती कुलूप उघडताना डोळे मिटायची. बघणाऱ्याला वाटे, बाई देवाचं नाव घेतेय. ती आतल्या पट्ट्यांचा आवाज ऐकत असे.

कुलूप विसरत नाही तशी तीही काही विसरत नसे. समोरच्या इमारतीतल्या एका हेडक्लार्कने एकदा चारचौघांत तिला 'चोराची पोर' म्हटलं होतं. त्याला सात वर्षं झाली. मग एका सकाळी तो पंचा गुंडाळून पेपर उचलायला जिन्यात आला आणि मागे दार लागलं. मावशी गेली. दोन मिनिटांचं काम होतं. तिने सव्वा तास घेतला. मधे दोनदा हत्यार आणायला दुकानात येऊन गेली, आणि जाता-येता प्रत्येक मजल्यावर थांबून सांगत राहिली, "साहेब जिन्यात उभे आहेत हो, जरा सांभाळून."

ते हरवलेलं कुलूप वडिलांनी घडवलेलं शेवटचं. पालथ्या पंजाएवढं, वर अकरा पितळी फुलं. ते विकायचं तिच्या मनात कधी नव्हतं. पण बोटं आखडायला लागली होती, आणि मुलाला किल्लीचा दात कुठला आणि दांडी कुठली हेही कळत नव्हतं. अशात दुसऱ्या गावच्या एका श्रीमंत गृहस्थाने, जुन्या कुलपांनी घर भरून टाकलेल्या माणसाने, फोटो बघून मागणी घातली. काचेच्या कपाटात ठेवीन म्हणाला. खाली पाटी लावीन, तुमच्या वडिलांचं नाव घालून. त्या पाटीसाठी ती पाघळली.

कुलूप आणि किल्ली एका पार्सलात घालायची नाही, ही वडिलांची शिस्त. आधी कुलूप पोचू दे, मग किल्ली. तसंच तिने कळवलं, आणि कुलूप नवऱ्याबरोबर पार्सल कचेरीत पाठवलं. ते पोचलंच नाही. कचेरी म्हणाली, पार्सल दिलं, पण सहीची चिठ्ठी सापडत नाही. कपाटवाले गृहस्थ म्हणाले, मला काही मिळालं नाही. तिने त्यांची आगाऊ रक्कम मुकाट्याने परत केली. विमा कंपनीतला क्लेमचा साहेब तर हसला होता. "मावशी, लोखंडच ना? नवीन घ्या एखादं, बाजारात छान छान मिळतात." त्या हसण्याला तिने मनात जागा राखून ठेवली होती.

"सही कर आणि विषय संपव," नवरा म्हणाला. "किती दिवस माझं डोकं खाणार आहेस?"

"विषय तुमचा संपेल. माझा नाही."

तेवढ्यात फोन वाजला. कपाटवालेच होते. तिने फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"ताई, तुमचं दुःख मला समजतं हो," ते म्हणाले. आवाज तुपात घोळलेला. "कुलूप गेलं ते गेलं. मी म्हणतो, आठवण तरी राहू दे. तुम्ही त्या चारही किल्ल्या मला पाठवा. मी त्या काचेत ठेवतो, खाली वडिलांचं नाव लिहितो. योग्य ते देईन तुम्हाला."

"बघते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

"भला माणूस आहे," नवरा म्हणाला. "नाहीतर कोण विचारतं."

तिने आपला गार चहा बाजूला सारला. म्हणाली, "अहो, त्या कुलपाला किल्ल्या किती?"

"म्हणजे? एक."

"नक्की?"

"तीस वर्षं त्या फळीवर बघतोय मी ते. एक भोक, एक किल्ली."

"सूनबाई, तू?"

"एकच ना, आई? पुसताना मला तरी एकच भोक दिसायचं."

"अकरा फुलांपैकी तीन अंगठ्याने दाबून सरकवली की सरकतात. त्यांच्याखाली आणखी तीन भोकं आहेत. हे वडिलांना ठाऊक होतं आणि मला. फोटोत दिसत नाही. पत्रात मी लिहिलं होतं, किल्ली नंतर पाठवते. किल्ली. एक."

नवऱ्याचा हात कपाकडे गेला होता, तो तिथेच राहिला.

"त्यांनी अंदाज केला असेल," तो म्हणाला. "जाणकार आहेत."

"अंदाज तीनाचा होतो, पाचाचा होतो. चाराचा हातात घेऊन, फुलं चाचपून होतो."

"मग पोलिसांत जा."

"जाऊन काय सांगू? माणूस चार म्हणाला, पकडा त्याला?" ती उठली. बाकाखालच्या डब्यातून तिने कापडात गुंडाळलेल्या किल्ल्या काढल्या, आणि चौथी बोटांत धरून उजेडाकडे केली. "वडिलांनी हिच्या भोकात मेख मारून ठेवलीय. चौथी किल्ली चुकीची असली तरी आत जाते आणि फिरतेही. बाहेर मात्र येत नाही. आतला आकडा दाताला धरतो. ओढली तर मोडते, आणि कापायला गेलं तर कुलपाची किंमत खरंच लोखंडाची."

सुनेच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. "पण आई, तो ते तुमच्याकडे कसा आणेल?"

"माझ्याकडे नाही आणणार. पण असलं कुलूप हातात घेणारी माणसं आता आहेत किती? माझ्याशिवाय दोघं. दोघंही वडिलांच्या हाताखाली मार खाऊन शिकलेली. त्यांना मी आज फोन करणार आहे. ज्याच्याकडे येईल त्याने ते ठेवून घ्यायचं आणि मला कळवायचं. त्या दिवशी क्लेमच्या साहेबाला मी त्या दुकानात स्टुलावर नेऊन बसवणार. त्याच्या मांडीवर देणार ते. म्हणणार, साहेब, लोखंड बघा."

"आणि आणलंच नाही त्याने, तर?" नवरा म्हणाला. "भरपाईही गेली, किल्ल्याही गेल्या."

"तर रोज सकाळी काचेतून त्याला तोंडात किल्ली अडकलेलं कुलूप दिसेल. तेही मला चालेल."

तिने कंपनीचा कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाखाली सारला. बाक हलायचा थांबला. मग तिने चौथ्या किल्लीसारखीच एक कोरी किल्ली खिळ्यावरून काढली आणि कानस शोधायला लागली.

"शुक्रवारी कोणी सही करणार नाही," ती पाठमोरीच म्हणाली. "उद्या चार किल्ल्यांचं पार्सल जाईल, तीन खऱ्या आणि चौथी ही, पूर्ण किमतीच्या विम्याने, आणि त्याची सही घेऊन त्याच्याच हातात. तुम्ही रांगेत माझ्या मागे उभे राहायचं. फॉर्म मी भरणार."