एक पालक, एक मूल

ट्रॅव्हल्सच्या काउंटरवर बसलं की माणसं काय काय सांगून जातात! मुळात ती येतात गाडी किती वाजता सुटते एवढंच विचारायला. पण समोर खुर्ची असते, डोक्यावर पंखा असतो आणि आपल्याला अजिबात न ओळखणारी एक बाई फॉर्म भरत असते. तेवढं पुरतं. डेंटिस्टसमोरसुद्धा लोक इतकं तोंड उघडत नसतील! वर्षानुवर्षं हे असं साठत गेलं. आता मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "कांबळे, एखादा किस्सा सांग ना." मी सांगते. सुरुवातीला सगळ्या हसतात, मग कपातला चहा गार होतो.

खराडीत आयटी पार्कच्या इमारतींना नुकत्याच काचा बसत होत्या, तेव्हाचं हे. ऑफिसात आम्ही तिघं. मालक जोगळेकरसाहेब, सदाशिव पेठेतले. त्यांनी गिऱ्हाइकाला "या" म्हटलं तरी ते "कशाला आलात?" असं ऐकू यायचं. ड्रायव्हर राजाभाऊ मांजरी गावचे. आणि मी, येरवड्याहून बसने येणारी. घाट उतरल्यावर एक थीम पार्क आहे, तिथली दोन दिवसांची सहल आम्ही विकायचो. दोन मोठे, दोन लहान. मुक्काम, नाश्ता, सगळ्या राइड्स.

एकदा एक गृहस्थ सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आले. मुलीची एक वेणी वर, एक खाली. वडिलांनीच घातली असणार.

"आम्ही दोघंच आहोत," ते म्हणाले.

"पॅकेज चौघांचं आहे," साहेब म्हणाले. "उरलेले दोघं काय आम्ही आणून द्यायचे?"

गृहस्थ शांतपणे म्हणाले, "दोन नकोत. एकच आणा. हिची आई. जमत असेल तर."

साहेब उठून आत गेले. बाहेर आले ते मला म्हणाले, "मॅडम, नवीन पॅकेज टाइप करा. एक पालक, एक मूल."

तो बोर्ड दारात लागला आणि मग कळलं, या भागात दोघांची घरं किती आहेत!

* * *

पहिल्याच आठवड्यात एक सॉफ्टवेअर इंजिनियर आला. घटस्फोट झालेला. मुलगी आईकडे, कोर्टाने याला सुट्टीतले दोन दिवस दिलेले. ते दोन दिवस त्याने एक्सेल शीटवर मांडून आणले होते. दहा पाच ते दहा चाळीस, पाण्याची घसरगुंडी. दहा चाळीस ते दहा पन्नास, कपडे बदलणे. दहा पन्नासला आइस्क्रीम!

मी म्हटलं, "मोठ्या राइड्सना एकशे वीस सेंटिमीटर उंची लागते. मुलीची किती?"

त्याने हात जमिनीपासून वर धरला. "एवढी." मग हात थोडा आणखी वर गेला. "नाही, एवढी ती मे महिन्यात होती. आता..." हात तसाच हवेत राहिला.

दोन दिवसांनी परत आला. म्हणाला, "एकशे एकोणीस."

"हात्तिच्या!" साहेब म्हणाले. "एका सेंटिमीटरचं काय घेऊन बसलात? जाड तळव्याचे बूट घाला तिला."

"तसं नाही हो," तो म्हणाला. "ही उंची मला वकिलामार्फत कळवलीय."

* * *

नारायण पेठेतून एक बाई आल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या पुढच्या. इस्त्रीची कॉटनची साडी, हातात छत्री. फॉर्म भरताना मी विचारलं, "मुलाचं वय?"

"एक्केचाळीस."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, "नाही, म्हणजे सोबत येणाऱ्या मुलाचं. मूल म्हणजे आमच्याकडे बारा वर्षांपर्यंत."

"डॉक्टर सहा म्हणतात," बाई म्हणाल्या. "तुमच्या फॉर्मला जे चालेल ते लिहा."

साहेबांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि वयाच्या रकान्यात सहा लिहिलं. त्यांचं अक्षर एरवी मोत्यासारखं. तो सहा मात्र वाकडा आला.

तिथून परतल्यावर राजाभाऊंनी सांगितलं, "अकरा येळा बसला त्या छोट्या आगगाडीत. आणि दर येळी म्हातारीला हात हालवायचा, गाव सोडून चालल्यासारखा. ती बी हालवायची. अकराव्या येळी बी!"

बाई पावती न्यायला आल्या तेव्हा मी म्हटलं, "दमला असाल."

"दमून कसं चालेल?" त्या म्हणाल्या. "याला अजून सातवं लागायचंय."

* * *

एका प्रोजेक्ट मॅनेजरने तीनदा तारीख बदलली. चौथ्यांदा मुलीनेच फोन करून सांगितलं, "काकू, आता बाबांनी बदलली तरी तुम्ही बदलू नका." मी नाही बदलली.

ते गेले. पण त्याच दिवशी त्यांच्या सॉफ्टवेअरचं कसलंसं रिलीज होतं. वडील सकाळपासून पार्कच्या कँटीनमध्ये लॅपटॉप उघडून बसले. कानाला फोन. मुलगी समोर बसून स्ट्रॉने रिकामी बाटली फुंकत होती. शेवटी राजाभाऊ गाडीतून उठून आले आणि म्हणाले, "साहेब, पोरीला एक चक्कर मारून आणू का?" वडिलांनी फोनवर हात ठेवला, मान हलवली.

एक चक्कर कसली, दोन्ही दिवस राजाभाऊच फिरले! पन्नाशीचा माणूस, पाळण्यात बसून डोळे गच्च मिटायचा. पाण्यात शर्ट भिजला तर टॉवेल नाही, म्हणून उन्हात उभा राहून वाळला.

आम्ही मुलांकडून एक फीडबॅक फॉर्म भरून घ्यायचो. त्यात प्रश्न होता, सगळ्यात आवडलेली राइड कोणती?

पोरीने लिहिलं होतं, "राजाभाऊ."

वडिलांनी तो फॉर्म वाचून खाली सही केली. कारण खाली पालकांची सही लागायची.

* * *

एकदा काउंटर रिकामा होता. मी सहज विचारलं, "साहेब, इतक्या लोकांना पाठवलंत. तुम्ही कधी गेलात का मुलाला घेऊन?"

"तो लहान होता तेव्हा हे पार्क नव्हतं आणि मला वेळ नव्हता," साहेब म्हणाले. "आता तो अमेरिकेत आहे. तिथलं पार्क याच्या दहापट मोठं. त्याने फोटो पाठवलाय."

"अरे वा! कोण कोण आहेत फोटोत?"

"तो आहे, नातू आहे." साहेबांनी चष्मा पुसला. "आणि त्याचे सासरे आहेत."

* * *

आता पाठकांचं सांगते.

मंदीच्या वर्षी समोरच्या इमारतीतला एक मजला एका महिन्यात रिकामा झाला. त्यानंतर तिथले पाठक आमच्याकडे यायला लागले. पहिल्या दिवशी गोव्याची माहितीपत्रकं चाळली. दुसऱ्या दिवशी केरळची. तिसऱ्या दिवशी काहीच न मागता बाकावर बसून राहिले. मांडीवर लॅपटॉपची बॅग, गळ्यात जुन्या कंपनीची पट्टी, तिला कार्ड नाही. बरोबर दहाला यायचे, पाचला उठायचे. घरी सांगितलं नव्हतं हे आम्हाला न सांगताच कळलं. शनिवार-रविवार मात्र यायचे नाहीत. आयटीवाल्यांना सुट्टी असते ना!

साहेब एकदाच बोलले. "हे बाकडं गिऱ्हाइकांसाठी आहे." पाठक गडबडीने उठले, तर साहेब म्हणाले, "बसा. गिऱ्हाईक आलं की सांगतो." आणि पेपर पुढे सरकवला. रोज सरकवायचे. कोडं सोडून बाकी सगळा.

असे चार महिने गेले. एका शनिवारी दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आत आली. आमच्याच इमारतीत वर अबॅकसचा क्लास होता, तिथली. पाठीवर दप्तर. काउंटरवर हनुवटी टेकवून म्हणाली, "एक पालक, एक मूल पाहिजे."

"पालक कुठायत?"

तिने रिकाम्या बाकाकडे बोट दाखवलं. "तिथे बसतात ते. माझे बाबा. आमची स्कूल व्हॅन रोज इथल्या सिग्नलला थांबते."

मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी कोड्यातून डोकं वर काढलं.

"आईला माहितीये?" मी विचारलं.

"नाही. आणि मला माहितीये हे बाबांना माहीत नाही." मग तिने वहीतलं पान काढलं. सगळं लिहून आणलं होतं. बाबांना उंचावर चक्कर येते, मोठे पाळणे नकोत. पाठ दुखते, धक्क्याच्या गाड्या नकोत. नाश्त्याला इडली असेल तर चांगलं. "आणि शनिवार-रविवार नको," ती म्हणाली. "माझी सहामाहीची सुट्टी आहे. सोमवार-मंगळवार द्या. म्हणजे ते दोन दिवस त्यांना इथे बसावं लागणार नाही."

मी तारखा लिहून घेतल्या. साहेबांनी विचारलं, "पण बाबांना सांगायचं काय?"

"लकी ड्रॉ लागला म्हणून सांगा. आईला खरं वाटेल. तिला बँकेतून रजा मिळत नाही, ती आम्हाला दोघांनाच जा म्हणेल."

पुढच्या गुरुवारी साहेबांनी एका बरणीत चिठ्ठ्या टाकल्या, मला एक काढायला लावली आणि खणखणीत आवाजात वाचली. सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव होतं. पाठक उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. म्हणाले, "मला आयुष्यात कधी काही लागलं नाही हो!" चार महिन्यांत त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं.

ते गेले, आले. बुधवारी बरोबर दहाला पाठक हजर. बॅग मांडीवर. चेहरा उन्हाने रापलेला. जरा वेळाने आपणहून माझ्याशी बोलायला लागले.

"मॅडम, परत येताना लेक गाडीत विचारत होती. बाबा, ऑफिसातून दोन दिवस रजा मिळाली ना? साहेब रागावले नाहीत ना?"

"मग? काय म्हणालात?"

"म्हटलं, नाही गं. साहेब चांगले आहेत. लगेच दिली."

जोगळेकरसाहेबांनी पेपरातून मान वर केली नाही. पहिलं पान वेगळं केलं, पाठकांकडे सरकवलं आणि म्हणाले,

"पुढच्या वेळी अर्ज देऊन जात जा."