तांबडा तारा आणि आईची चूल

पोलादपूरच्या शाळेत विज्ञान शिकवत होते तेव्हाची गोष्ट. पेपरात बातमी आली: आपल्या सूर्याच्या शेजारी एक तांबडा, बुटका तारा आहे आणि त्याच्याभोवती ग्रह सापडलेत. मुलांच्या आधी ती मी माझ्या वडिलांना, आबांना, सांगितली, कारण दर रविवारी डोंगर चढून त्यांच्याशी भांडायला मी जायचेच.

भांडण एकच. पावसात आमच्या धनगरवाड्याच्या वर डोंगराला भेग पडली होती. सगळी घरं खाली उतरली, म्हशीसुद्धा. आबा तेवढे हटून बसले. आईनं लग्न होऊन आल्यावर पेटवलेली चूल कधी विझू दिली नव्हती. ती गेल्यावर आबा रोज संध्याकाळी तिच्यासारखाच निखारा राखेत पुरायचे.

"ही इझली की तुजी आय गेलीच म्हन," ते म्हणाले.

"म्हणून दरडीखाली मरायचं?" मी तडकले. मग रडू यायला लागलं, म्हणून ताऱ्याचं काढलं.

"शेजारी म्हंजे? दासगावाएवढा लांब?"

"उजेडालाच यायला वीसेक वर्षं लागतात."

"मंग कसला गो शेजारी."

म्हटलं, तो इतका मंद आहे की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. पण जळण पुरवून पुरवून जळतो, सूर्य विझला तरी तो राहील. ऊब कमी, पण ग्रह अगदी खेटून फिरतात.

आबा राख सारखी करत बसले. "राखंतला निखाराच की त्यो," म्हणाले.

तेव्हा मला आठवलं. शेजारणी सकाळी करवंटी घेऊन आईकडे विस्तव मागायला यायच्या. आई कुणाला नाही म्हणायची नाही.

"आबा, मला द्या ना आईचा विस्तव. माझ्या घरी न्यायला."

आबा उठले, खैराचा चांगला निखारा निवडला, मडक्यात राखेखाली घातला आणि मडकं घेऊन माझ्याबरोबर डोंगर उतरले.

कंडक्टरनं विस्तव गाडीत घेऊ दिला नाही. बरोबरच होतं त्याचं, तरी मी त्याच्याशी भांडले. आम्ही चालत आलो. मागच्या अंगणात मी विटांची चूल मांडली आणि मडक्यात डोकावले. वर नुसती गार राख. निखारा विझला असेल तर आबा परत वर जाणार.

आबांनी राखेत बोट घातलं, तळापर्यंत. एकदम झटकून बाहेर काढलं आणि तोंडात घातलं.

"भाजलं गो," म्हणाले, आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा हसले.