मॅनेजर काकांचं राहिलेलं गाव

मॅनेजर काका कुठल्याही खोलीत शिरले की आधी माणसं मोजायचे. वाढदिवस असो, सत्यनारायण असो, की कुणाचं डोहाळजेवण. बूट काढता काढता त्यांची नजर भिंतीपासून भिंतीपर्यंत फिरायची, ओठ हलायचे, आणि आकडा जमला की मगच ते खुर्ची शोधायचे. पुण्याच्या एका प्रवासी कंपनीच्या राजस्थान सहली त्यांनी सत्तावीस वर्षं नेल्या होत्या. माणसं मोजल्याशिवाय ड्रायव्हरला 'चल' म्हणायचं नाही, ही सवय अमेरिकेत, सनीव्हेलला मुलाकडे राहायला आल्यावरही सुटली नव्हती. "इथे कोण हरवणार, काका?" असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "इथेच जास्त हरवतात. तिथे निदान हॉर्न वाजवला की धावत येतात."

त्यांचा मुलगा श्रीरंग आमच्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये, स्विमिंग पूलच्या पलीकडे राहायचा. काकांशी माझी खरी ओळख झाली ती २००२ मध्ये, माझी नोकरी गेली तेव्हा. व्हिसा कंपनीच्या नावावर आणि कंपनी तिच्या फर्निचरसकट लिलावात, अशी अवस्था होती. मी दिवसभर पडदे लावून घरात बसायचो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी आठला काका दारात उभे. डोक्यावर माकडटोपी, हातात थर्मास. "चल, बस सुटतेय," म्हणाले. त्यानंतर दोन महिने, मला दुसरी नोकरी मिळेपर्यंत, ते रोज सकाळी मला चालायला नेत. नोकरीबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही.

त्या वेळी आमच्या आसपासच्या निम्म्या ऑफिसांवर 'भाड्याने देणे आहे'च्या पाट्या होत्या. काका काचेच्या त्या रिकाम्या इमारतींसमोर थांबून, हात उंचावून, सहलीतल्या आवाजात सांगायचे, "डाव्या हाताला पाहा. इथल्या राजाने तीन वर्षं राज्य केलं. लढाई झाली नाही, पण दारूगोळा सगळा संपला." मग माझ्याकडे न बघता म्हणायचे, "जैसलमेरजवळ अख्खीच्या अख्खी गावं अशी ओस आहेत. लोक जातात, दुसरीकडे विहीर खणतात. तू पण खणशील. चहा घे."

किल्ल्यांवर उभं आयुष्य काढलेल्या या माणसाला वैभवाचं कौतुक असं नव्हतंच. महाराष्ट्र मंडळाने एकदा त्यांना 'राजस्थानचे राजवैभव' या विषयावर बोलायला बोलावलं. अध्यक्षांनी फेटा बांधला होता, तो सूत्रसंचालन करताना दोनदा सुटला. काका उभे राहिले आणि म्हणाले, "महालात चारशे खोल्या असतात. लोक विचारतात, राणी कुठल्या खोलीत राहायची. झाडू किती जण मारत होते, हे सत्तावीस वर्षांत मला एकाने विचारलं नाही." पुढे ते चाळीस मिनिटं किल्ल्यांच्या पाण्याबद्दल बोलले. डोंगरावर पाऊस कसा अडवायचे, टाकं कसं राखायचे, वेढा पडला की सगळ्यात आधी काय संपायचं. मंडळाने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. काकांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांचं म्हणणं, गड चढताना लोक इतिहास विचारतात आणि उतरताना बाथरूम, तेव्हा प्रामाणिक प्रश्न कुठला हे मॅनेजरने ओळखावं.

२००६ च्या उन्हाळ्यात आम्ही चार कुटुंबांनी डिसेंबरात राजस्थानला जायचं ठरवलं. मुलांना 'आपली संस्कृती' दाखवावी अशी त्या वर्षी आमच्यात साथ आली होती. आखणी अर्थातच काकांकडे. त्यांनी अकरा दिवसांचा कार्यक्रम पेन्सिलीने, पट्टी धरून, आखीव कागदावर लिहिला. 'निघणे ७.१०' आणि पुढे बारीक अक्षरात 'म्हणजे ७.४०'. आमच्यातल्या एकाला महालातलं हॉटेल हवंच होतं, जिथे दारात तुतारी वाजवून स्वागत करतात. "घाल की," काका मला म्हणाले. "तो तुतारीवाला दुपारी तिथेच लाँड्रीत असतो. त्याच्याशी बोल, राजापेक्षा त्याला जास्त माहीत असतं." आणि मग त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे जैसलमेरच्या पश्चिमेचं एक खेडं होतं. "इथे मी पण येणार आहे," ते म्हणाले. "श्रीरंगला अजून बोललो नाहीये."

का, ते त्यांनी त्या दिवशी पूलजवळच्या बाकावर बसून सांगितलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी ते चाळीस माणसांची सहल घेऊन त्या गावात गेले होते. कंपनीच्या पत्रकात त्याला 'ग्रामजीवन दर्शन' म्हटलेलं असे. जेठाराम नावाच्या एका म्हाताऱ्याच्या घरी चहा ठरलेला. दारात पाण्याने भरलेले तीन मोठे घडे होते, शेजारी पितळी लोटा. बस धुळीतून आलेली. आपली माणसं उतरली आणि घडे पाहून रांगेत उभी राहिली. बाहेरून आल्यावर पाय न धुता कुणाच्या घरात कसं शिरायचं? चाळीस जणांनी पाय धुतले, चुळा भरल्या, मुलांची तोंडं धुतली. एका आजींनी पायरीसुद्धा धुऊन काढली, पाय पुन्हा भरायला नकोत म्हणून.

"मी बाजूला उभा," काका म्हणाले. "मनात म्हणतोय, काय संस्कारी बॅच मिळालीय यंदा." घरातल्या बायका घुंगट धरून भिंतीशी उभ्या होत्या. जेठाराम हसून 'आओ सा, बैठो सा' म्हणत राहिला. चहा यायला तासभर लागला, तोही अर्धा अर्धा पेला. लोकांनी बसमध्ये त्यावरून कुरकुर केली. पुढच्या मोसमात कंपनीने ते गाव कार्यक्रमातून काढलं आणि काका निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी जुना ड्रायव्हर बोलता बोलता सांगून गेला, की ते तीन घडे उंटावरून चार कोसांवरून आलेलं पाणी होतं. तीन दिवसांचं. चहासाठी सुना शेजारी उसनं पाणी मागायला गेल्या होत्या.

"किल्ल्यावर पाणी कसं राखायचे हे सत्तावीस वर्षं माइकवर सांगणारा मी," काका म्हणाले. "समोर घडे रिकामे होताना ओळखलं नाही." मग म्हणाले, "माफीबिफी नाही मागायची. तो म्हातारा लाजेल. त्याला एवढंच सांगायचंय, की मला कळलं."

सप्टेंबरात श्रीरंग मला पार्किंगमध्ये गाठून म्हणाला, "यार, बाबांचं हार्ट निम्म्यानेपण चालत नाहीये. डॉक्टरने फ्लाइटला स्ट्रिक्टली नाही सांगितलंय. मी बोललो तर ते भांडतील आणि स्वतः तिकीट काढतील. तू सांग ना, ट्रिप कॅन्सल झाली म्हणून. तुझं ऐकतात ते."

"आणि आम्ही जाणार त्याचं काय?"

"जा की. त्यांना कशाला कळतंय?"

मला ते पटलं, याचं आजही मला नवल वाटतं. डॉक्टर खरं बोलत होता, श्रीरंग खरं बोलत होता, तेव्हा मी बोललेलं खोटंही त्यात खपून जाईल असा काहीतरी माझा हिशेब असावा. मी बाकावर जाऊन सांगितलं, "काका, ट्रिप कॅन्सल केली. रजा नाही मिळत आहे कुणाला."

"कुणालाच नाही?"

"नाही."

"मग बरं झालं," ते म्हणाले. "एकाला मागे ठेवून जाण्यापेक्षा ते बरं." त्यांनी तो कागद चार घड्या घालून माझ्या हातात दिला. "ठेव तुझ्याकडे. पुढच्या वर्षी वेळा बदलतील, बाकी तेच."

डिसेंबरात आम्ही गेलो. काकांना सांगितलं, की मी आईला बघायला नागपूरला जातोय. त्यांचा कागद माझ्या खिशात होता आणि तो कुठेही चुकला नाही. सात चाळीसला निघत होतो, उन्हाच्या आधी गडावर पोहोचत होतो, बाथरूम लागेल तिथे बाथरूम होतं. महालाच्या दारात तुतारी वाजली. आमच्या मुलांनी कानांवर हात ठेवून 'कॅन वी गो इन नाऊ?' विचारलं. त्या खेड्यापुढे कागदावर वेळ नव्हती. नुसतं लिहिलं होतं, 'इथे घाई नको.'

आम्ही तिथे वीस मिनिटं होतो. जेठाराम दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्याच्या मुलाने खाटा टाकल्या, दाट, गोड चहा दिला आणि मी पुण्याच्या मॅनेजरांचं नाव काढल्यावर विचारलं, "मैनेजर साब ठीक हैं?" मी म्हटलं, "ठीक हैं. अमेरिका में हैं." तेव्हाच पुढचं, काकांना पाण्याचं कळल्याचं, सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर ते स्वतः का आले नाहीत इथपासून सुरुवात करावी लागली असती. तेवढ्यात मेधाने, माझ्या बायकोने, हाक मारली, की वाळूतला सूर्यास्त चुकेल, मुलं उंटासाठी रडतायत. मी दारातल्या नळावर हात धुतले आणि गाडीत बसलो.

जानेवारीत काकांकडे गेलो. श्रीरंगच्या सांगण्यावरून फोटो कुणीच कुणाला पाठवले नव्हते, मुलांनाही पढवलं होतं. सगळी तयारी चोख. काकांनी स्वतः चहा केला आणि पेला हातात देत म्हणाले, "या गॅलनच्या डब्यातल्या दुधाला काही चव नाही बघ. त्या गावात बकरीच्या दुधाचा द्यायचे. वास सोसला तर याहून चांगला चहा नाही."

"आता म्हशीचं घालतात," मी म्हणालो.

म्हणालो आणि पेला तोंडाशी तसाच धरून ठेवला. काकांनी आपला पेला खाली ठेवला. ते रागावतील, निदान विचारतील, अशी मी वाट पाहिली. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच.

"म्हैस ठेवलीय?" ते हळूच म्हणाले. "म्हैस दिवसाला किती पाणी पिते ठाऊक आहे? मग पाणी आलं म्हणायचं तिथे."

"हो. दारात नळ आहे."

"दारात." त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारला. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं निखळ समाधान मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तो नळ मी डोळ्यांनी पाहिला होता, त्यावर हात धुतले होते आणि त्याचा अर्थ मला सनीव्हेलमध्ये बसून हा माणूस सांगत होता. मग त्यांनी विचारलं, "आणि म्हातारा?"

"गेला, काका. दोन वर्षं झाली. मुलगा होता."

काका म्हणाले, "मुलाला काही बोललात का तुम्ही? माझं?"

मी म्हटलं, "नाही. राहून गेलं."

त्यांनी मान हलवली आणि रिकामे पेले उचलून आत नेले. घरी येताना मी स्वतःची समजूत घातली, की ते 'तुम्ही' म्हणजे आम्ही चारही कुटुंबं.

पुढच्या शनिवारी मी एकटाच गेलो. त्यानंतरही दर शनिवारी गेलो; २००८ च्या मार्चमध्ये ते गेले, त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत. ते माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. तब्येत विचारायचे, मेधाची चौकशी करायचे, चहा कसा झालाय ते विचारायचे. बेल वाजवली की स्वतः येऊन दार उघडायचे, अदबीने थोडे बाजूला व्हायचे आणि म्हणायचे, "या. बसा."