दुपारी दीडची हजेरी

माझ्या हातून घडलेली गोष्ट लहान आहे. बायकोला सांगितली तेव्हा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "एवढंच? मले वाटलं काय झालं." तरीही ती लिहून ठेवावीशी वाटते, कारण एवढंच म्हणून मला ती सोडता आलेली नाही.

बालाघाटच्या एका कार्यालयात मी आवक-जावक सांभाळतो. आलेल्या कागदावर शिक्का, तारीख, क्रमांक, की कागद पुढच्या टेबलावर. आत काय लिहिलं आहे ते मी वाचत नाही. वाचत बसलो तर संध्याकाळपर्यंत गठ्ठा तसाच राहील. वीस वर्षांत ही सवय हाडात मुरली आहे.

टाळेबंदीत घरात बसून असताना मी मोबाइलवर एक खेळ सुरू केला. प्रत्येकाची एक गढी असते. एकमेकांच्या गढ्यांना धान्य पाठवायचं, पहारेकरी द्यायचे, आणि सगळ्यांचं मिळून एक दळ करून दुसऱ्या दळावर चाल करायची. आठवडाभर कोणी फिरकलं नाही तर त्याच्या गढीवर गवत उगवतं. आमचं दळ मीच काढलं होतं. चाळीसेक माणसं जमली, बहुतेक आपल्याच जिल्ह्यातली आणि गोंदियाकडची. राइस मिलमधले एक मुनीमजी होते. बिरशाकडच्या एक आरोग्यसेविका होत्या. त्यांना नेटवर्कसाठी शाळेमागच्या टेकाडावर जावं लागे, आणि त्या जात. लांजीच्या बसस्टँडजवळ मोटरसायकली दुरुस्त करणारे एक भाऊ होते. ते सगळ्या जगाला साहेब म्हणत, फक्त मला सरदार. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण फोनवर त्यांच्या दुकानातल्या इंजिनांचा आवाज मला ओळखीचा झाला होता.

आमच्या दळाचा एक नियम होता. दुपारी दीड वाजता, डबा खायच्या वेळेला हजेरी. मी खेळातल्याच गटावर लिहायचो, "आज चाल, कोण येते?" आणि येणाऱ्यानं फक्त "हौ" लिहायचं. एकदा हौ लिहिलं की चार वाजता हजर राहायचंच, मग दुकानात गिऱ्हाईक असो की घरी पाहुणे. हौ लिहून न आलेल्या माणसाला आठवडाभर धान्य मिळत नसे. कार्यालयात माझ्या शब्दावर खुर्चीसुद्धा हलत नाही. इथे चाळीस माणसं उठत होती. मला ते आवडायचं, हे आधीच कबूल करतो.

मग बाजार उघडले, शाळा उघडल्या आणि लोक विरळ होत गेले. भांडून कोणी गेलं नाही. आज हौ आला नाही, उद्या आला, मग चार दिवस आला नाही, असं. काहीजण जाताना मला पासवर्ड देऊन गेले. शेजाऱ्याकडे घराची किल्ली ठेवतो तसा आमच्यात तो रिवाज होता. मुनीमजी धानाच्या हंगामात म्हणाले, "पंधरा दिन देख लेना भाई, घास मत उगने देना." ते पंधरा दिवस संपलेच नाहीत.

खेळाचा नियम असा की दहापेक्षा कमी माणसं जागी असली की आठवड्यात दळ मोडतं. आम्ही अकरावर आलो, मग नऊवर. त्या दिवशी मी मुनीमजींच्या गढीत शिरलो आणि त्यांच्या नावानं हौ लिहिलं. दुसऱ्या दिवशी आरोग्यसेविकाताईंच्या नावानं लिहिलं. वर्षभरात अशा नऊ गढ्या माझ्या हातात आल्या. डबा एका हातानं खायचा आणि दुसऱ्या हातानं एका नावातून बाहेर पडून दुसऱ्या नावात शिरायचं, चार वाजता पुन्हा तेच. नऊ हौ आणि माझा एक. मग लांजीहून भाऊंचा हौ यायचा. माझा सोडला तर तो एकटाच खरा होता. गटावर ते आनंदानं लिहायचे, "आपलं दळ अजून पक्कं आहे, सरदार. बाकीच्यायचे मोडले."

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी टेबलावर फार टपाल होतं. मी घाईत गट उघडला. खाली "कोण कोण येते, हौ लिहा" एवढं दिसलं. आज भाऊंनीच हजेरी घेतलेली दिसते, असं वाटून मी दहाही नावांनी हौ लिहिलं आणि मोबाइल खिशात टाकला. वरचं काही वाचलं नाही.

संध्याकाळी फोन आला.

"सरदार, मी त पाहतच राह्यलो! दहाच्या दहा! माह्या सोयऱ्यायनं बी इतक्या लवकर हौ नाही म्हटलं."

"कशाले?" मी विचारलं.

"घ्या! पोरीच्या लग्नाले. पत्रिका टाकली ना गटावर. तुमची वहिनी मले चिडवून राह्यली, म्हणते तुमचे मोबाइलवाले पाहुणे खरंच जेवतात का नुसतीच बटनं दाबतात. मी म्हटलं, थांब. आमच्या दळात हौ म्हटलं का हौ असते."

मी पत्रिका तेव्हा उघडली. बारा दिवसांनी, सकाळी अकरा वाजता, लांजीत. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "वा, अभिनंदन."

पुढच्या दिवसांत मी खऱ्या माणसांना फोन केले. वाटलं, दोनचार जण आले तरी बाकीचं निभेल. मुनीमजी हसले. "अरे भाई, वो गेम अभी चालू है? मेरी गढ़ी खड़ी है क्या?" लग्नाला येणं त्यांना जमणारं नव्हतं, आणि ते का यावेत हेही मला सांगता येईना. तिघांचे नंबर बदलले होते. आरोग्यसेविकाताईंना मी खरं ते सांगितलं.

"मी हौ म्हटलं? मी त दोन वर्षांपासून उघडलंच नाही."

"तुमच्या नावानं मी लिहिलं."

"काहून केलं असं तुमी? त्या मानसाले सांगा पहिले. मी नाही येत. इतके दिवस माह्या नावानं खेळले ना, आता माह्या नावानं जेवून बी या."

मी सांगितलं नाही. उलट मुनीमजींच्या गढीतून लिहिलं की सासू दवाखान्यात आहे, येणं कठीण दिसतं. एकेकाला असं गाळत न्यावं, असा माझा बेत होता. पण भाऊ लग्नाच्या धांदलीतही रोज विचारू लागले, सासूबाईची तब्येत कशी आहे, लांजीत एक चांगले डॉक्टर आहेत, विचारून पाहू का. तीन दिवस मी मुनीमजी होऊन उत्तरं दिली. चौथ्या दिवशी ते होईना. दुसऱ्या कोणाचं कारण लिहायचं धाडसही उरलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळच्या बसनं लांजीला गेलो. मंडपात पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती, बुद्धवंदना सुरू व्हायची होती. डाव्या हाताला पहिल्याच रांगेत दहा खुर्च्या होत्या. त्यांच्यापुढे सुतळी बांधून कागद लावला होता: दळ. एक म्हातारे गृहस्थ तिथे उभे राहून लोकांना हाकलत होते. मलाही म्हणाले, "इथं नोका बसू, भाऊ. बाहेरगावचे पाहुणे येऊन राह्यले."

भाऊंनी मला आवाजावरून ओळखलं. मी समजत होतो त्यापेक्षा ते बुटके निघाले. त्यांनी मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावरून फाटकाकडे पाहिलं.

"बाकीचे? गाडी मागं आहे का?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "मी एकटाच आहो. पहिल्यापासून नाही, पण दीड-दोन वर्षांपासून सगळे मीच होतो."

त्यांना कळलं नाही. मी पासवर्डचं सांगितलं. त्यांनी एकेक नाव घेतलं.

"मुनीमजी?"

"मीच."

"बिरशाच्या ताई?"

"मीच."

"अन् ते सासूबाई?"

"सासू कोणीच नव्हती."

ते खाली पाहत राहिले. त्यांच्या नखांत ऑइलची काळी रेघ होती, लग्नासाठी घासूनही न गेलेली. मग हळू आवाजात म्हणाले, "मी मागच्या दिवाळीतच सोडणार होतो. दुकानात काम वाढलं, डोळे दुखते. मंग म्हटलं, दहा मानसं रोज येते, आपण गेलो त कसं दिसन. रोज सकाळी शटर उघडायच्या आंधी दहा गढ्यायले धान्य पाठवत होतो. आज बी पाठवलं."

मी माफी मागितली. ते हौ म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. कोणीतरी त्यांना हाक मारली. जाताना त्यांनी स्वतः सुतळी सोडली, कागद घडी करून खिशात घातला आणि वराकडच्या उभ्या लोकांना म्हणाले, "या साहेब, बसा, जागा आहे." मला कडेच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "जेवल्याबिगर जाऊ नोका." नवरीनं हार घातला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. जेवताना वहिनी वाढत आल्या. मला दोनदा भात वाढला आणि पुढच्या पानाकडे वळल्या. त्यांना सांगितलं गेलं होतं की नाही, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता मी फक्त माझा हौ लिहिला. बाकीच्या गढ्यांत शिरलो नाही. लांजीहून काही आलं नाही. सात दिवस मी असाच एक हौ लिहीत राहिलो. नऊ गढ्यांवर गवत आलं, मग लांजीच्या गढीवरही आलं. आठव्या दिवशी दळ मोडल्याची सूचना आली. चाळीस माणसांचं होतं, पण ती सूचना वाचणारा बहुधा मी एकटाच असेन. मी ती पूर्ण वाचली.

त्याच आठवड्यात भाऊंनी माझ्या नंबरावर एक फोटो पाठवला. पहिल्या रांगेतल्या दहाही खुर्च्या भरलेल्या, नऊ अनोळखी माणसं आणि कडेला मी. खाली एक शब्दही नव्हता. कोणाच्या चेहऱ्यावर काही शोधावं तसा मी तो बराच वेळ पाहिला आणि मग फोन लावला. मागे एक इंजिन घरघरत होतं. ते बंद झालं.

"बोला साहेब," ते म्हणाले.