वाचून दाखवलेली बातमी

हरेश्वर घरत कुणाच्या विरोधात बातमी लिहायचा, तेव्हा छापायला देण्याआधी ती त्या माणसाच्या तोंडावर वाचून दाखवायचा. रेवसच्या खारपट्टीत ही त्याची खोड सगळ्यांना ठाऊक होती. हातभट्टीवाल्याने त्यापायी त्याची सायकल खाडीत फेकली. एका साहेबाने कचेरीचं दार लावून घेतलं, तर याने दाराबाहेर उभं राहून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचली. वाचून झालं की एकच प्रश्न, "यात काही चुकलंय?"

ही सवय युद्धातली. मिठागरावर वाढलेला, टाचांना भेगा पडलेला हा पोरगा एकाहत्तरच्या लढाईत पूर्व सीमेवर वायरलेसवर होता. संदेश देणाऱ्याला परत वाचून दाखवायचा, मगच पुढे धाडायचा, असा नियम. एका सकाळी मेजर घाईने ओरडला, "वाचत बसू नकोस, पाठव." हरेश्वरने तरीही वाचला. तोफांना सांगितलेलं ठिकाण आपल्याच तुकडीचं निघालं. माणसं वाचली. लढाई संपल्यावर मेजरला पदक मिळालं आणि हरेश्वरला उद्धटपणाबद्दल शिक्षा. तो म्हणे, फौजेतली माझी खरी कमाई तीच.

परतल्यावर तो अलिबागच्या एका साप्ताहिकाचा वार्ताहर झाला. पंचाहत्तरी आली तरी वार्ताहरच राहिला.

यंदा बातमी घरातच निघाली. खाडीच्या बांधाला उघाडी असते. भरतीला तिचं दार मिटतं, ओहोटीला उघडतं आणि शेतातलं पाणी खाडीत जातं. पुतण्या अल्पेशने कंटेनर यार्डासाठी भराव टाकताना ती उघाडीच बुजवली. पावसाचं पाणी तुंबलं, लावलेलं भात कुजलं. बातमी आली तर उघाडी मोकळी करावी लागणार होती. नाही आली, तर पुढच्या सालापर्यंत त्या शेतांवरही भराव पडणार होता.

अल्पेश गोड तोंडाने आला. "काका, पंधरा ऑगस्टला तुमचा सत्कार हाय. अख्ख्या गावाला तुमचा अभिमान."

"पन्नास वर्षं कुठं ठेवला होता?"

"आणि ते उघाडीचं आपल्या आपल्यात राहू द्या. घरची गोष्ट."

कमळकाकूने चहा पुढे ठेवला. "घरची म्हणतोस? आमच्या लग्नात वऱ्हाडाला जेवण कमी पडलं, त्याची बातमी दिली होती यांनी. माझ्या बापाला वाचून दाखवून."

शाळेच्या पटांगणात मांडव पडला. अल्पेशने खुर्चीत बसलेल्या हरेश्वरला शाल पांघरवली आणि माईक पुढे सरकवला. "काका, दोन शब्द."

हरेश्वरने खिशातून कागद काढला. अल्पेशचा चेहरा उतरला. "आज नको," तो पुटपुटला.

"बातमी लिहून झाल्यापासून तू फोन उचलत न्हाईस. आज समोर हायस."

आणि त्याने वाचायला सुरुवात केली. आवाज थरथरत होता, पण ते वयामुळे. उघाडी कुठली, भराव कुणाचा, शेतं कुणाची, एकेक नाव तो सावकाश घेत गेला. "गेल्या महिन्यात, रविवारी, मुरूम टाकून ही उघाडी बुजवण्यात आली." थांबून त्याने चष्म्यावरून पुतण्याकडे पाहिलं. "यात काही चुकलंय?"

अल्पेश हा प्रश्न लहानपणापासून ऐकत आला होता. या घरात त्याला उत्तर द्यायचंच असतं. ते आपसूक बाहेर पडलं.

"रविवारी न्हाय, शनिवारी. रविवारी माझे डंपर बंद असतात."

माईक चालूच होता. जिचं भात कुजलं होतं ती वेणूबाई पुढच्या रांगेतून म्हणाली, "लिवा भाऊ, शनवार लिवा. पोरगा खरं बोलतोय." मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसू पसरत गेलं.

हरेश्वरने खांद्यावरची शाल मागे सारली, पेनाचं टोपण काढलं, गुडघ्यावर कागद ठेवून रविवार खोडला.

"काका, छापू नका हो."

"छापू का, ते मी विचारलंच न्हाय. चुकलंय का, एवढंच विचारलं."

त्याने माईक पुन्हा तोंडाजवळ ओढला.

"आता दुसरा परिच्छेद," तो म्हणाला.